दोन सेशनच्या मधल्या बुधवारी काय करायचं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "पाच महिन्यांपासून ऑनलाइन थेरपी घेतेय, दर पंधरा दिवसांनी एक सेशन. त्या दिवशी हलकं वाटतं, पण तीन-चार दिवसांत पुन्हा जैसे थे. संध्याकाळ झाली की छातीत दडपण येतं, कशातच लक्ष लागत नाही. फोनमध्ये सात ॲप आहेत, दोन पुस्तकं अर्धी वाचून ठेवलीत. मधल्या दिवसांत थेरपिस्टना मेसेज केला तर चालेल का? घरात नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही. माझं मी काय करू?"

ताई, आधी एक विचारते, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. या दडपणात कधी 'आपण नसतो तर बरं' किंवा 'संपवून टाकावं' असं मनात येतं का? येत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी १४४१६ हा नंबर लावा. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र. फोन लागला की भाषा निवडता येते, मराठी आहे. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. जिवाला आत्ताच धोका असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. पुष्कळ जण फोन करायला बिचकतात ते 'पोलीस केस होईल' या भीतीने. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्तीसुद्धा तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही, असं म्हटलंय. तुम्ही तर नुसतं मनातलं बोलणार आहात.

तसं काही नसेल तर आता निवांत बोलू.

सेशननंतर हलकं वाटतं ते खरंच असतं. पण तो उपचार नव्हे. जिवाभावाच्या मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं तरी तसंच हलकं वाटतं आणि तेही चार दिवसच टिकतं. दोन आठवड्यांचे तास होतात ३३६. त्यातला एक थेरपिस्टबरोबर, उरलेले ३३५ तुमचे तुमच्यापाशी. आणि दडपण येतं ते या ३३५ मध्ये. सेशनमध्ये आपण त्याच्याबद्दल फक्त बोलतो. म्हणजे मधला काळ कसाबसा ढकलायचा नसतो, खरं काम तिथेच असतं. हे आम्ही थेरपिस्ट मंडळी लोकांना पुरेसं स्पष्ट सांगत नाही, हा आमचा दोष. बावीस वर्षं हे काम करतेय, तरी माझ्याही तोंडून सेशन संपताना 'काळजी घ्या हं' एवढंच कितीदा गेलंय. काळजी घ्या म्हणजे नेमकं काय करा?

म्हणून पुढच्या सेशनची शेवटची दहा मिनिटं तुम्ही मागून घ्या. सरळ विचारा, "पुढच्या वेळेपर्यंत मी नेमकं काय करायचं?" एकच काम. ते कधी, कुठे, किती वेळ हे तिथल्या तिथे ठरवून लिहून काढा. तुमची सात ॲप नि दोन पुस्तकं बघून मला वाटतं की तुमच्याकडे साधनं कमी नाहीत, उलट फार झालीत. दर वाईट संध्याकाळी नवीन काहीतरी उघडायचं, दहा मिनिटं करायचं, 'याचाही उपयोग नाही' म्हणून सोडायचं. अशाने प्रत्येक साधन तुमच्या सगळ्यात वाईट वेळीच तपासलं जातं आणि नापास होतं.

एक काम म्हणजे केवढं, ते एका उदाहरणाने सांगते. तपशील बदललेत, म्हणजे ओळख लागायची नाही. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत. त्यांना सुंदर छापील डायरी दिली, ती कोरीच राहिली. मग त्यांनीच मार्ग काढला: पैसे भरायच्या स्लिपा काउंटरवर असतातच, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायचं. पहिली स्लिप अशी होती: "मंगळवार, पावणेसहा. साहेब म्हणाले, ती फाइल उद्या बोलू. डोक्यात आलं, आता बदली. पोटात गोळा, ८०. घरी कुणाशी बोललो नाही, मोबाइल बघत बसलो." ८० म्हणजे शंभरपैकी किती त्रास झाला तो आकडा. त्याच स्लिपेवर दुसऱ्या दिवशी वेगळ्या पेनाने एक ओळ: "एक सही राहिली होती, बस." दोन आठवड्यांत अकरा स्लिपा जमल्या. टेबलावर पत्त्यांसारख्या मांडून बघितल्या, तर चार स्लिपांवर 'उद्या बोलू' हेच शब्द. हे त्यांना पाच महिन्यांच्या बोलण्यात कधी आठवलं नव्हतं, मलाही कधी सुचलं नव्हतं. एकदा ते दिसल्यावर पुढचं काम सोपं होतं: साहेब 'उद्या बोलू' म्हणाले की तिथेच विचारायचं, "कशाबद्दल, सर?" हे विचारायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले, ते सोडा.

प्रसंग, त्या वेळचा विचार, भावना आणि तिचा आकडा, मग आपण काय केलं. ही नोंद ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात बसवलेल्या बोधात्मक उपचारांतून (सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलण्याची पद्धत) आली. आपल्याकडे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत जास्त ओळखीची आहे, तिच्यातही असा गृहपाठ असतोच. आकडा टाळू नका. 'फार त्रास झाला' हे दर आठवड्याला सारखंच वाटतं. ८० चे ५५ झालेले कागदावरच दिसतात.

आता 'कशातच लक्ष लागत नाही' याकडे येऊ. आपण समजतो की आधी बरं वाटेल, मग हातून काही होईल. उदासीत बहुधा उलटं चालतं: आधी हात हलतात, मन मागून येतं. नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली बोधात्मक उपचारांचे भाग सुटे करून पाहिले. नैराश्यात नुसता 'ठरवून काहीतरी करत राहणं' हा भागसुद्धा पूर्ण उपचाराइतकाच कामाला आला. आपल्या शेजारचं उदाहरण तर मला फार आवडतं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर याच तत्त्वावरचा कार्यक्रम तपासला. सहा ते आठ भेटी, आणि भेटणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. केंद्रातले नेहमीचे उपचार एवढेच मिळालेल्यांपेक्षा हा कार्यक्रम जोडीला मिळालेल्यांपैकी जास्त जण नैराश्यातून बाहेर आले. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली ते छापून आलं.

घरी हे करताना लोक एकच चूक करतात, काम मोठं धरतात. 'रविवारी कपाट आवरीन' हे उदास माणसाचं काम नाही. कपाट उघडून पलंगावर ढीग होतो आणि त्या ढिगाशेजारी आपण रडत बसतो. वरचा एक कप्पा, तोही अर्धा. किंवा सहा वाजता चपला घालून सोसायटीच्या गेटापर्यंत जाऊन परत यायचं, एवढंच. मन काय म्हणतंय ते विचारायचंच नाही, घड्याळ बघायचं. तुमचं दडपण संध्याकाळचं आहे, तर हे काम साडेपाचला ठेवा, दडपण यायच्या आधी.

छातीतल्या दडपणाबद्दल एक डॉक्टरी सूचना. पाच महिन्यांत एकदाही तपासून घेतलं नसेल तर घ्या: ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं की धडधड, थकवा, घाबरल्यासारखं होणं हे सगळं हुबेहूब चिंतेसारखंच दिसतं, आणि त्यावर मी कितीही बोलले तरी उपयोग नाही.

तपासण्या नीट आल्या तर श्वासाचं एक साधं तंत्र शिका. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब हवा. पण हे पहिल्यांदा दडपण आलेलं असताना करू नका, ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं होईल. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, काही होत नसताना, रोज करा; दोन आठवड्यांनी संध्याकाळी वापरा. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त गुदमरतं. तसं झालं तर हट्टाने करू नका. डोळे उघडे ठेवा आणि लक्ष बाहेर न्या.

बाहेर लक्ष नेण्याचा पुस्तकी प्रकार म्हणजे दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, असं मोजत जायचं. माझ्या एका क्लायंटने हसत सांगितलं, "मॅडम, मी हॉलमध्ये वस्तू मोजायला लागले की सासूबाई विचारतात, काय हरवलं ग?" मग तिने तेच मेथी निवडताना करायला घेतलं. गार, ओली देठं, बोटांना लागणारी माती, पान खुडताना होणारा बारीक आवाज, कडवट वास. एक जुडी संपेपर्यंत वीस मिनिटं जातात आणि कुणी काही विचारत नाही. माझ्या मते हे कुठल्याही ॲपातल्या पावसाच्या आवाजापेक्षा सरस आहे. (इथे एक आगाऊ सल्ला: कुणी म्हणेल 'सरळ इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये'. नाशिककरांना ते जवळही पडतं. पण त्रास जोरात असताना दहा दिवस मौन हा प्रथमोपचार नव्हे. थेरपिस्टना विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि शिबिराच्या अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात तिथे काही लपवू नका.)

डोक्यातलं चक्र दिवसभर थांबतच नसेल तर त्याला वेळ बांधून द्या. टॉम बोर्कोवेक यांच्या गटाने १९८३ मध्ये हा प्रयोग केला होता: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास चिंता करायची. एरवी चिंता आली की चिठ्ठीवर दोन शब्द टिपायचे आणि तिला सांगायचं, सातला ये. ऐकायला पोरकट वाटतं. सातला चिठ्ठ्या उघडल्या की निम्म्यांचं काही वाटेनासं झालेलं असतं. फक्त ही जागा पलंग नको, आणि वेळ झोपेच्या तोंडावर नको. रात्री अकराला मन मोकळं करायला म्हणून पानंच्या पानं लिहिणारे लोकही मी पाहिलेत. बहुतेकांचं ते दळलेलं पुन्हा दळणं होतं. लिहायचं असेल तर दिवसा, पंधरा-वीस मिनिटं, मग वही बंद.

थेरपिस्टना मेसेज करावा का? हे मला विचारू नका, त्यांनाच विचारा, आणि बरं वाटत असतानाच विचारा: कशासाठी मेसेज केलेला चालेल, उत्तर किती वेळात येईल, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते आणि उत्तर 'मेसेज नको' असं आलं तरी तो तुमचा अपमान नाही. माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या मेसेजना मी रात्री बारा-बारापर्यंत उत्तरं द्यायचे. मला वाटे, किती आधार देतेय. तीन महिन्यांत ती कुठलाही निर्णय, अगदी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जावं की नाही इथपर्यंत, मला विचारल्याशिवाय घेईना. आणि एका रात्री माझा फोन बंद होता तर ती कोलमडली. तिच्या अंगात जे बळ यायला हवं होतं, ते मीच माझ्या फोनमध्ये अडकवून ठेवलं होतं. तेव्हापासून माझा नियम: मेसेज लिहा, पण पाठवू नका, सेशनला घेऊन या. ज्यांना पाठवल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एक मेसेज, उत्तर दुसऱ्या दिवशी.

ॲपांबद्दल फार लिहीत नाही. सातपैकी सहा काढून टाका. सेशनमध्ये ठरलेल्या कामाला जे मदत करतं तेवढं ठेवा, मग तो नुसता अलार्म का असेना. मनातलं लिहायला ॲप वापरत असाल तर ती माहिती कुठे जाते, खातं बंद केल्यावर पुसली जाते का, हे एकदा सेटिंगमध्ये बघा. घरी वही कुणी वाचेल अशी भीती असेल तर ओळखीच्या नावांऐवजी भाज्यांची नावं लिहा. माझ्याकडे एकीचे दीर वर्षभर 'दुधी' होते. 'ही पाच लक्षणं म्हणजे तुम्हाला अमुक आजार' असल्या रील्स बघणं बंद करा. एआय चॅटबॉटशी रात्री बोलणारेही आता बरेच भेटतात. विचारांची मांडणी करायला, सेशनमध्ये काय विचारायचं ते ठरवायला ठीक. पण तो बहुधा आपलीच री ओढतो, आपला चेहरा त्याला दिसत नाही, आणि पुढच्या मंगळवारी 'केलंत का?' असं डोळ्याला डोळा भिडवून तो विचारणार नाही.

माणसांचा आधार मात्र शोधा. तुमच्यासारख्याच अनुभवातून गेलेल्यांचे गट आपल्याकडे आहेत, पण ते विशिष्ट त्रासांसाठी जास्त. दारूसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीत होतात आणि फुकट असतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. चिंतेसाठी, उदासीसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशनाची हेल्पलाइन २०१२ पासून चालते. मधल्या एखाद्या जड दिवशी तिथे बोलता येतं. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेचे मराठी व्हिडिओ तुमच्या त्या दोन अर्ध्या पुस्तकांपेक्षा लवकर पूर्ण होतील. आणि ऑनलाइनचा खर्च झेपेनासा झाला तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीला कमी लेखू नका. गर्दी असते, पण तिथले डॉक्टर एका दिवसात जेवढे पेशंट बघतात तेवढे माझ्याकडे महिन्यात येतात.

घरात नवऱ्याला माहीत आहे, ही मोठी जमेची बाजू. पण 'मला समजून घे' एवढ्याने त्याला काही कळणार नाही. त्याला काम द्या. "मी गप्प झाले की सल्ला देऊ नकोस. चहा ठेव आणि शेजारी बस. पंधरा मिनिटांनी विचार, गेटपर्यंत जाऊन यायचं का." असं चांगल्या मूडमध्ये असताना सांगून ठेवा. सासूबाईंना सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय. सांगितलंच पाहिजे असं अजिबात नाही. फक्त सेशन कुठे बसून घेता ते बघा. स्वयंपाकघरात दबक्या आवाजात घेत असाल तर निम्मं बोलणं गिळलं जात असणार. गच्ची, मैत्रिणीचं घर, पार्क केलेली गाडी, काहीही चालेल. माझ्या एका क्लायंटने सहा महिने सगळी सेशन्स पार्किंगमध्ये हेडफोन लावून केली.

गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून किंवा वाटलं नाही म्हणून मनाने बंद करू नका. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोपेचा घोळ होतो. ते विचारायचं ठिकाण म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. थेरपिस्ट नव्हे, मी तर नव्हेच.

आणि एक पान आत्ताच करून ठेवा, आज गरज नसली तरी. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याला सुरक्षा आराखडा असं रूप दिलं. त्यावर हे लिहायचं. माझा घसरगुंडीचा दिवस सुरू झाला हे मला कशावरून कळतं. तेव्हा एकटीने काय करायचं. मन दुसरीकडे लागावं म्हणून कुठे, कुणाकडे जायचं. 'मला बरं वाटत नाहीये' असं कुणाला सांगायचं. कुठल्या डॉक्टरांना, कुठल्या नंबरला फोन करायचा. आणि घरातली धोक्याची वस्तू, म्हणजे औषधांचा साठा असो की शेतीतलं फवारणीचं औषध, कुणाच्या ताब्यात ठेवायची. सगळं आपल्या अक्षरात. फोनमध्ये फोटो, कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात. नवऱ्याला कुठे आहे ते माहीत असू द्या.

एक राहिलं. पंधरा दिवस तुम्हाला लांब पडत असतील तर दोन महिन्यांसाठी दर आठवड्याला सेशन मागून बघा. फी झेपत नसेल तर अर्ध्या तासाचं विचारा. बरेच जण तयार होतात. आणि हा जो प्रश्न तुम्ही मला लिहिलात, तोच त्यांना जसाच्या तसा वाचून दाखवा. 'तीन-चार दिवसांत पुन्हा जैसे थे' हे वाक्य पाच महिन्यांत त्यांच्या कानावर गेलं नसावं, असा माझा अंदाज आहे. सेशनच्या दिवशी तुम्हाला हलकं वाटत असतं ना, म्हणून.